व्याख्या पाठ आहेत, गुण तक्त्यात जातात

प्रश्न : एम.एससी. पर्यावरणशास्त्र होऊन दोन वर्षं झाली. प्रदूषण नियंत्रणाशी संबंधित वैज्ञानिक पदांच्या दोन परीक्षा दिल्या, दोन्ही वेळा थोडक्यात हुकले. परिसंस्था, जैवविविधता आणि हवामानबदल यांच्या मिळून तीन जाड वह्या भरल्यात आणि त्या तोंडपाठ आहेत. तरी पेपरात आकडे आणि तक्ते आले की हात थांबतो. क्लासमध्ये सांगतात, ‘सगळंच करा’. मैत्रीण म्हणते, नगर रचनेच्या जागांनाही अर्ज कर. पुढच्या जाहिरातीपर्यंत चार-पाच महिने आहेत असं धरून सांगा, नेमके कोणते विषय किती खोल करायचे?

उत्तर : नगर रचनेचा मुद्दा आधी निकालात काढू. नगर रचनाकार आणि सहायक नगर रचनाकार या पदांना सहसा स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगर नियोजनातली पदवी मागतात. रचना सहायकासारख्या पदांना त्याच शाखांमधली पदविका चालते. एम.एससी. पर्यावरणशास्त्र त्या अर्हतेत बसत नाही. ऑनलाइन अर्ज तुम्हाला अडवणार नाही, शुल्कही स्वीकारेल. बाद व्हाल ते कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर. जाहिरातीत ‘समकक्ष’ हा शब्द दिसला म्हणून पुष्कळ जण आशेवर राहतात, पण समकक्षता ठरवणारा शासन निर्णय किंवा विद्यापीठाचं पत्र हातात नसेल तर त्या शब्दाचा उपयोग नाही. मैत्रीण स्थापत्यची असेल तर तिने जरूर भरावा. तुम्ही नियोजन हा विषय अभ्यासात ठेवा, कारण त्याचा एक तुकडा तुमच्या पेपरातही येतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तुमच्या पत्रातलं खरं दुखणं ‘हात थांबतो’ या दोन शब्दांत आहे. तीन वह्या पाठ असूनही हात थांबतो, कारण त्या वह्या विद्यापीठाच्या पेपरासाठी लिहिलेल्या आहेत. भरतीचा पेपर काढणाऱ्यासमोर पदाची कर्तव्यसूची असते. या पदावर बसलेला माणूस नमुना घेतो, तपासतो, आकडा मर्यादेशी ताडून पाहतो, टिपण लिहितो आणि ते टिपण कायद्याच्या कुठल्या कलमाखाली पुढे जाईल हे त्याला माहीत असतं. या पाच कामांभोवती विषय बसवले की ‘सगळंच’ यातला बराचसा पसारा आपोआप गळतो.

कायद्यापासून सुरुवात करा, आणि तीही विश्लेषकाच्या, म्हणजे नमुने तपासणाऱ्याच्या अंगाने. जल अधिनियम १९७४, हवा अधिनियम १९८१ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ या तिन्ही कायद्यांत विश्लेषकाची नेमणूक कलमातच लिहिलेली आहे : अनुक्रमे कलम ५३, २९ आणि १३. नमुना घेण्याची कलमं २१, २६ आणि ११. संमती, म्हणजे उद्योगाला लागणारी मंडळाची परवानगी, जलमध्ये कलम २५ आणि हवामध्ये कलम २१. उद्योग बंद करण्याचे किंवा वीज-पाणी तोडण्याचे निर्देश ३३अ, ३१अ आणि ५. एवढ्या आकड्यांचा एकच तक्ता करा, आडवे तीन कायदे आणि उभी चार कामं. जोड्या लावायचे प्रश्न याच चौकटीतून निघतात. १९८६ च्या कायद्यात संमतीचा रकाना रिकामा राहील. तो रिकामाच ठेवा, तोही प्रश्न असतो.

मग जल अधिनियमाचं कलम २१ मूळ मजकुरातून वाचा. सांडपाण्याचा नमुना कायदेशीर पुरावा म्हणून घ्यायचा तर तिथल्या तिथे नोटीस द्यायची, मालकाच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर खूण करून सील लावायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि एक बाटली ताबडतोब प्रयोगशाळेकडे पाठवायची. आता हवा अधिनियमाचं कलम २६ शेजारी ठेवा. नोटीस आहे, सील आहे, सह्या आहेत. दोन भाग करणं मात्र नाही. धुराड्यातून घेतलेल्या नमुन्याचे पाण्यासारखे दोन वाटे करता येत नाहीत, हे कारण लक्षात ठेवलं की फरक पाठ करावा लागत नाही. गाइडमध्ये दोन्ही कलमांपुढे ‘नमुने घेण्याचा अधिकार’ एवढंच छापलेलं असतं आणि तेवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

घटनेतला एक धागाही इथेच ओवून घ्या. पाणी हा राज्यसूचीतला विषय, म्हणून जल अधिनियम राज्यांच्या ठरावांवरून अनुच्छेद २५२ खाली झाला. हवा आणि पर्यावरण हे दोन्ही अधिनियम १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन, म्हणजे अनुच्छेद २५३ च्या वाटेने आले. हा फरक आजही जिवंत आहे. जनविश्वास अधिनियम २०२३ ने हवा आणि पर्यावरण या दोन कायद्यांतल्या बऱ्याच शिक्षा बदलून तुरुंगवासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आणली. जलसाठी मात्र २०२४ मध्ये वेगळा सुधारणा अधिनियम करावा लागला आणि तो इतर राज्यांना त्यांनी ठराव केल्यावरच लागू होतो. तुमच्या पुस्तकात १९८६ च्या कायद्यापुढे ‘पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड’ असं छापलेलं असेल, तर ते पुस्तक १ एप्रिल २०२४ च्या आधीचं आहे. व्याख्यांसाठी ते चालेल, शिक्षांसाठी नाही.

नमुना हातात आल्यावर त्याचं काय करायचं, हा पेपरातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. बीओडीचा (जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूच्या मापाचा) नमुना ४ अंशांच्या आसपास थंड ठेवायचा, त्यात आम्ल घालायचं नाही, कारण ज्या जिवाणूंची भूक मोजायची तेच आम्लाने मरतात. सीओडीला (रसायनाने मोजलेल्या प्राणवायूच्या गरजेला) हे बंधन नाही. तिथे सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणतात. जड धातूंना नायट्रिक आम्ल, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा कमी येतो. सायनाइडला उलट, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर, कारण आम्लात सायनाइड विषारी वायू होऊन उडून जातं. तेल आणि ग्रीससाठी काचेची बाटली, प्लास्टिकची नाही. विद्राव्य प्राणवायू जागेवरच स्थिर करायचा, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. कोलीफॉर्मसाठी मात्र निर्जंतुक बाटलीत वर थोडी जागा मोकळी सोडायची आणि पाणी क्लोरिनचं असेल तर सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं हवं. पीएच आणि तापमान जागेवर. एवढ्या ओळींवर प्रश्नकर्ता ‘खालीलपैकी कोणती जोडी चुकीची’ असे प्रश्न सहज काढू शकतो, आणि तुम्ही एम.एससी.च्या प्रात्यक्षिकात यातलं निम्मं हाताने केलेलं आहे.

आता गणित. इथे लागणारं गणित दहावीच्या पुढचं फारसं नाही. चूक बहुतेक वेळा एककाची असते, नाहीतर कालावधीची.

बीओडी घ्या. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ मिलिलिटर सांडपाणी घालून बाटली विरलीकरणाच्या पाण्याने भरली. सुरुवातीचा विद्राव्य प्राणवायू ८.४ आणि शेवटी ३.६ मिलिग्रॅम प्रति लिटर. घट ४.८. विरलीकरणाचा गुणक ३०० भागिले ६, म्हणजे ५०. उत्तर २४० मिलिग्रॅम प्रति लिटर. पर्यायांत २३५ हा आकडाही हमखास ठेवतात. तो २९४ ला ६ ने भागून ४९ काढणाऱ्यांसाठी असतो. गुणक काढताना संपूर्ण बाटलीचं आकारमान घ्यायचं. ही चाचणी ग्राह्य कधी, हेही विचारतात : शेवटी निदान १ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू शिल्लक हवा आणि निदान २ इतका खर्च झालेला हवा. शेवटचा आकडा ०.३ आला असेल तर गणित करूच नका; नमुना जास्त विरळ करून पुन्हा लावायचा, हेच उत्तर. शिवाय भारतीय मानकांत ही चाचणी ३ दिवस २७ अंशांवर होते. ५ दिवस आणि २० अंश ही पद्धत परदेशी पाठ्यपुस्तकांतून आपल्या नोट्समध्ये आलेली आहे. प्रश्नात कोणती म्हटली आहे ते वाचल्याशिवाय पर्यायाला हात लावू नका.

आलेला २४० हा आकडा मर्यादेच्या वर आहे का? इथे तुम्ही ‘हो’ म्हणाल, आणि तिथेच गुण जातो. ‘कुठे सोडणार?’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यांसारख्या अंतर्देशीय पाण्यात सोडायला बीओडी ३०, सिंचनासाठी जमिनीवर आणि समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात १००, सार्वजनिक मलवाहिनीत ३५०. म्हणजे हाच नमुना मलवाहिनीत चालतो आणि नदीत मर्यादेच्या आठपट ठरतो. नदीसाठीची बाकीची मापं सोबत लिहून ठेवा : सीओडी २५०, निलंबित घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १०, पीएच ५.५ ते ९. पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असतो आणि या दोन जोड्यांची अदलाबदल हा पेपर काढणाऱ्यांचा आवडता खेळ आहे.

हवेत हीच गोष्ट कालावधीच्या रूपात येते. सल्फर डायऑक्साइड ०.०२ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आढळला, तर तो मर्यादेत आहे का? २५ अंश तापमानाला पीपीएमला रेणुभाराने गुणायचं, २४.४५ ने भागायचं आणि मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करायला १००० ने गुणायचं. ०.०२ गुणिले ६४ गुणिले १०००, भागिले २४.४५, उत्तर सुमारे ५२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत सर्वसाधारण क्षेत्रासाठी या वायूची २४ तासांची मर्यादा ८० आणि वार्षिक ५० आहे. एका दिवसाचं मोजमाप असेल तर मर्यादेत, वर्षाची सरासरी असेल तर बाहेर. त्यामुळे मानकं पाठ करताना आकडा एकटा लिहू नका. एकक आणि कालावधी शेजारी हवेच. पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे धूलिकण) साठी वार्षिक ६० आणि २४ तासांचे १००. पीएम २.५ साठी ४० आणि ६०. नायट्रोजन डायऑक्साइड ४० आणि ८०. कार्बन मोनॉक्साइड एकटा मिलिग्रॅममध्ये असतो, ८ तासांचे २ आणि एका तासाचे ४. आर्सेनिक, निकेल आणि बेंझो-ए-पायरीन नॅनोग्रॅममध्ये. एकूण प्रदूषकं १२. यादीत एसपीएम (हवेतले एकूण तरंगते कण) दिसलं तर ती २००९ च्या आधीची आहे, फाडून टाका.

हवा गुणवत्ता निर्देशांकाचं एक उदाहरण पूर्ण करून पाहा, दहा वेळा वाचण्यापेक्षा ते बरं. पीएम १० आलं १८०, पीएम २.५ आलं ७५. पीएम १० साठी १०१ ते २५० हा पट्टा निर्देशांकाच्या १०१ ते २०० शी जुळतो. १८० मधून १०१ वजा, ७९. त्याला ९९ ने (२०० वजा १०१) गुणा, १४९ ने (२५० वजा १०१) भागा, साधारण ५२.५, त्यात १०१ मिळवा, १५३. पीएम २.५ साठी ६१ ते ९० हा पट्टा. तसंच करून सुमारे १४९. अंतिम निर्देशांक १५३, कारण उपनिर्देशांकांपैकी सर्वांत मोठा घेतात. सरासरी काढून १५१ लिहिणारे निम्मे असतात. वर्ग ‘मध्यम’. निर्देशांक काढायला निदान तीन प्रदूषकांची मोजमापं लागतात आणि त्यांत एक तरी पीएम १० किंवा पीएम २.५ असावं लागतं. तेव्हा उदाहरणात दोनच प्रदूषकं दिलेली असतील तर प्रश्न नुसत्या उपनिर्देशांकांचा आहे की शहराच्या निर्देशांकाचा, हे शब्दांवरून ठरवा. वरचं गणित सोपं ठेवायला मी तिसरं प्रदूषक गाळलं आहे, ते लक्षात आलं असेलच.

ध्वनीत सरासरी आणखी फसवते. ८० डेसिबलची दोन यंत्रं एकत्र लावली तर १६० नाही, ८३. ८० आणि ७० एकत्र, ८०.४, म्हणजे लहान यंत्र बंद करून काही हाती लागत नाही. अर्धा तास ६० आणि अर्धा तास ७० डेसिबल असेल, तर समतुल्य पातळी ६५ नसून ६७.४ येते. लॉग काढता येत नसेल तर इतकं पाठ करा : सारखे दोन स्रोत ३ वाढवतात, दहा सारखे स्रोत १० वाढवतात. २००० च्या ध्वनी नियमांतल्या चार क्षेत्रांच्या मर्यादा (दिवस आणि रात्र) औद्योगिक ७५-७०, व्यावसायिक ६५-५५, निवासी ५५-४५, शांतता ५०-४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. एवढं झालं की ध्वनी संपला.

आता ज्या भागाने तुम्हाला दोनदा मागे ठेवलं, तो तक्ता. समजा, एका शहराच्या सांडपाण्याचे आकडे दिले आहेत. पाच वर्षांपूर्वी रोज १२० दशलक्ष लिटर निर्माण होत होतं, ६० वर प्रक्रिया होत होती. आता १५० निर्माण होतं, ९० वर प्रक्रिया होते. खाली चार विधानं. ‘प्रक्रियेचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं.’ ५० टक्क्यांवरून ६० टक्के, म्हणजे वाढ १० टक्के-बिंदूंची. टक्केवारीत मोजली तर २० टक्क्यांची. ‘प्रक्रिया झालेलं पाणी दीडपट झालं.’ बरोबर. ‘निर्माण होणारं सांडपाणी २५ टक्क्यांनी वाढलं.’ बरोबर. ‘नदीत जाणारं अप्रक्रियित पाणी कमी झालं.’ आधी ६०, आताही ६०. एक थेंबही कमी झालेलं नाही. प्रमाण सुधारलं म्हणजे नदी सुधारली, असं आपलं मन आपणच ठरवून टाकतं, आणि पर्यावरण शिकलेली मुलं इथे इतरांपेक्षा जास्त चुकतात, कारण त्यांना विषय ‘माहीत’ असतो. तक्त्याच्या प्रश्नात बाहेरची माहिती आणायची नाही. तक्ता म्हणतो तेवढंच खरं.

सवय अशी लावा. तक्ता समोर आला की पहिली वीस सेकंदं एकही आकडा वाचायचा नाही. शीर्षक, एकक, वर्ष, तळटीप आणि ‘एकूण’ हा रकाना आहे की नाही, एवढंच पाहायचं. तळटीपेत ‘आकडे हजारांत’ किंवा ‘दोन केंद्रांची माहिती उपलब्ध नाही’ असं असतं, आणि पाचपैकी एक प्रश्न त्या तळटीपेवरच असतो. मग प्रश्न वाचायचे. मग आकडे. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक प्रश्नाला सगळा तक्ता पुन्हा वाचावा लागतो. केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या वार्षिक अहवालांत असे तक्ते ढिगाने आहेत आणि फुकट मिळतात. रोज एक काढा, त्यावर स्वतः चार विधानं रचा, दोन खरी आणि दोन खोटी. खोटं विधान रचताना प्रश्नकर्ता कुठे सापळा लावतो हे जितकं कळतं तितकं सराव पेपर सोडवून कळत नाही.

नियोजनाचा तुकडा लहान आहे पण हमखास गुण देणारा. लोकसंख्येचा अंदाज पाहा : १९९१ मध्ये ४०,०००, २००१ मध्ये ५०,०००, २०११ मध्ये ६२,०००, २०३१ ची काढा. अंकगणिती पद्धतीत दशकाची सरासरी वाढ ११,०००, म्हणून ८४,०००. भूमितीय पद्धतीत वाढीचा दर सुमारे २४.५ टक्के, म्हणून जवळपास ९६,१००. वाढीतली वाढ धरणाऱ्या पद्धतीत ६२,००० अधिक २२,००० अधिक ६,०००, म्हणजे ९०,०००. एकाच गावाची तीन उत्तरं, आणि पर्यायांत तिन्ही असतात. झपाट्याने वाढणाऱ्या तरुण शहराला भूमितीय आणि जुन्या, स्थिरावलेल्या शहराला अंकगणिती, हा निकष प्रश्नातल्या एखाद्या विशेषणात लपलेला असतो. पुढची पायरी पाणी : मलवाहिनी असलेल्या शहराला दरडोई रोज १३५ लिटर धरतात. ९०,००० लोकांना १२.१५ दशलक्ष लिटर, आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, ९.७२. प्रक्रिया केंद्राची क्षमता पाणीपुरवठ्याच्या आकड्यावरून ठरवलेला पर्याय चुकीचा.

नकाशाला एवढंच : १:१०,००० प्रमाणावर १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, म्हणून १ चौरस सेंटिमीटर म्हणजे १ हेक्टर. १:५०,००० वर तेच २५ हेक्टर. प्रमाण पाचपट लहान झालं की क्षेत्र पंचवीसपट होतं, पाचपट नाही. त्रिज्यांचे बफर (ठरावीक अंतराचे पट्टे), नदीची पूररेषा आणि एकावर एक थर ठेवून जागा निवडण्याचे जीआयएसचे (संगणकीय नकाशा-प्रणालीचे) प्रश्न याच समजुतीवर उभे असतात. कायद्यातून ७४ वी घटनादुरुस्ती, बाराव्या अनुसूचीतले १८ विषय, जिल्हा नियोजन समितीचा अनुच्छेद २४३ झेडडी, महानगर नियोजन समितीचा २४३ झेडई, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मधली प्रादेशिक योजना, विकास योजना आणि नगर रचना योजना यांची उतरंड. याहून खोल जाऊ नका, ते मैत्रिणीचं काम.

पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम आधीच तपासणं, मात्र खोल करा. १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना. चार टप्पे सगळ्यांना येतात : छाननी, व्याप्ती ठरवणं, लोकसल्लामसलत, मूल्यमापन. पण छाननी फक्त ‘ब’ वर्गाच्या प्रकल्पांना असते, ‘अ’ वर्गाला नाही. छाननीतून ‘ब-२’ ठरलेल्या प्रकल्पाला मूल्यांकन अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही. जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घडवून आणतं, तिचं अध्यक्षस्थान जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांहून कमी नसलेल्या प्रतिनिधीकडे असतं, निदान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि ४५ दिवसांत सगळं उरकावं लागतं. मंजुरी मात्र यांपैकी कोणीच देत नाही. ‘अ’ वर्गाला केंद्रीय मंत्रालय, ‘ब’ वर्गाला राज्यस्तरीय प्राधिकरण. घडवून आणणारा, अध्यक्ष, शिफारस करणारी समिती आणि निर्णय देणारा, हे चौघे वेगळे आहेत; त्यांची गल्लत करणारे पर्याय ठरलेले. या अधिसूचनेत सतत दुरुस्त्या होतात, म्हणून जाहिरातीच्या तारखेच्या आसपास मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची अद्ययावत प्रत उतरवून घ्या. उद्योगांच्या प्रदूषणानुसार ठरणाऱ्या रंगांचंही तसंच : २०१६ ची लाल, नारिंगी, हिरवी, पांढरी ही वर्गवारी २०२५ मध्ये सुधारली आणि निळा वर्ग वाढला.

तुमच्या तीन वह्यांचं काय करायचं? जैवविविधतेच्या वहीतून कायदे (वन्यजीव संरक्षण १९७२ आणि जैविक विविधता २००२), आंतरराष्ट्रीय करारांची वर्षं आणि विविधता निर्देशांकांची सूत्रं एका पानावर उतरवा. हवामानबदलाच्या वहीतून तेवढंच दुसरं पान. परिसंस्थेची वही कपाटात ठेवा, ती तुम्हाला येते.

सरावासाठी जुने पेपर कुठून आणायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो येईलच. गेटमध्ये (पदव्युत्तर अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी हा स्वतंत्र पेपर आहे, त्यातले पाणी, हवा आणि घनकचऱ्याचे आकडेमोडीचे प्रश्न या भरतीसाठी उत्तम. अवघड वाटले तर एका गुणाचेच सोडवा. सिद्धान्त आणि कायद्यासाठी नेटचा (महाविद्यालयीन अध्यापनाची पात्रता परीक्षा) पर्यावरण विज्ञान, विषय क्रमांक ८९. नियोजनासाठी गेटच्या वास्तुशास्त्र आणि नियोजन पेपरातला नियोजनाचा भाग, तोही निवडून. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन यांचा वाटा जाहिरातीनुसार बदलतो. तो मोठा असेल तर रोजचा एक तास त्याला द्यावाच लागेल. थोडक्यात हुकणारे अनेकदा तिथेच हुकतात. उणे गुण आहेत का, तेही जाहिरातीतच पाहायचं, ऐकीव माहितीवर नाही.

वेळेची विभागणी १६ आठवड्यांची धरा. पहिले ५ पाणी आणि सांडपाणी, कारण सर्वाधिक प्रश्न आणि सर्वाधिक आकडे तिथे. पुढचे ३ हवा आणि ध्वनी. ३ कायदे आणि आघात मूल्यांकन. १ घनकचरा आणि घातक कचरा. १ नियोजन. उरलेले ३ फक्त वेळ लावून पूर्ण पेपर. तक्ता मात्र पहिल्या दिवसापासून रोज, त्याला वेगळा आठवडा नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चुकीचं कारण एका शब्दात लिहा : एकक, कालावधी, ठिकाण, सूत्र, की वाचन. दोन आठवड्यांनी मोजा. ‘सूत्र’ हा शब्द वारंवार आला तर अभ्यास कमी पडतोय. ‘वाचन’ आणि ‘एकक’ जास्त असतील, आणि तुमच्या बाबतीत तसंच निघेल असं पत्रावरून वाटतं, तर नवीन पुस्तक विकत घेऊ नका.

लेखी उत्तरं किंवा मुलाखत असेल तर एक नमुना सांगून ठेवतो. ‘नदी अत्यंत प्रदूषित असून तातडीने उपाय आवश्यक आहेत’ हे वाक्य कार्यालयात कुणी स्वीकारत नाही. असं लिहा : ‘निर्गमाच्या ठिकाणी घेतलेल्या नमुन्यात बीओडी ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर (३ दिवस, २७ अंश) आढळली. नदीत सोडण्यासाठी मर्यादा ३०. प्रक्रिया केंद्रातला वायुवीजक तपासणीच्या वेळी बंद होता. तो सुरू केल्यानंतर पुन्हा नमुना घ्यावा आणि दरम्यान संमतीच्या अटींच्या भंगाबाबत नोटीस द्यावी.’ काय दिसलं, कशाशी ताडलं, कारण काय असावं, पुढे काय करावं. विशेषण एकही नाही. आठवड्याला असं एक टिपण, १५० शब्दांत. पहिलं लिहून झाल्यावर त्यातली विशेषणं मोजा.